संचालक मंडळाच्या आधीची बैठक

2008 च्या अखेरच्या महिन्यांत जगभरच्या बँकांनी हात आखडते घेतले होते. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली आणि कुणाच्या पोटात किती बुडीत कर्जं दडली आहेत याचा कुणालाच अंदाज येईना. अमेरिका आणि ब्रिटनची सरकारं बँकांत भांडवल ओतत होती, कर्जपुरवठा थांबवू नका म्हणून मागे लागली होती. बँका मात्र आधी स्वतःला सावरण्यात गुंतल्या होत्या. त्याच नोव्हेंबरात चीनच्या सरकारने 4 लाख कोटी युआनची योजना जाहीर केली. रेल्वे, रस्ते, विमानतळ, घरबांधणी, भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सिच्वान प्रांताची पुनर्उभारणी असं बरंच काही तिच्यात होतं. केंद्र सरकारचा स्वतःचा वाटा होता 1.18 लाख कोटींचा. उरलेला पैसा प्रांतांनी उभा करायचा होता, म्हणजे तो मुख्यतः बँकांनीच द्यायचा होता.

बँकांनी तो दिला, आणि तोही झपाट्याने. 2008 या पूर्ण वर्षात चिनी बँकांनी सुमारे 4.9 लाख कोटी युआनची नवी कर्जं दिली होती. 2009 च्या पहिल्या तीन महिन्यांतच 4.58 लाख कोटींचं वाटप झालं. वर्ष संपलं तेव्हा आकडा 9.59 लाख कोटींवर पोचला होता, आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट.

या बँका त्या वेळी कुठल्या अवस्थेत होत्या, हेही पाहायला हवं. चायना कन्स्ट्रक्शन बँकेचे शेअर 2005 मध्ये हाँगकाँगच्या बाजारात आले होते. 2006 मध्ये बँक ऑफ चायना आणि इंडस्ट्रियल अँड कमर्शियल बँक ऑफ चायना, म्हणजे आयसीबीसी, तिच्यामागोमाग आल्या. बँक ऑफ अमेरिका, गोल्डमन सॅक्स यांच्यासारखे परदेशी भागधारक त्यांनी घेतले होते. संचालक मंडळं होती, स्वतंत्र संचालक होते, जोखीम समित्या होत्या, तिमाही निकाल लागत होते. निर्यात कोसळत असताना, कारखाने बंद पडत असताना अशा मंडळाने कर्जवाटप दुप्पट करायचं ठरवावं, हे कुठल्याही जोखीम समितीच्या पुस्तकात बसणारं नाही. तरी ते ठरलं, आणि एकाच वेळी सगळ्या मोठ्या बँकांत ठरलं.

सरकारी बँका आहेत, मालकाने सांगितलं आणि नोकराने ऐकलं, असं उत्तर कुणी देईल. ते अर्धंच खरं आहे. सरकारी बँका आपल्याकडेही आहेत. अर्थ मंत्रालय बैठका घेतं, उद्दिष्टं ठरवून देतं, आणि तरीही मंदीत शाखा व्यवस्थापक कर्जाच्या फायलीवर सही करायला बिचकतो. चीनमध्ये सरकारची मालकी आणि बँकेचा काउंटर यांच्यामध्ये आणखी एक रचना उभी आहे. ती बँकेच्या प्रत्येक मजल्यावर आहे, बँकेच्या रचनेला समांतर आहे आणि बँकेच्या रचनेपेक्षा वरचढ आहे. ती रचना म्हणजे चिनी कम्युनिस्ट पक्ष.

तिची सुरुवात टेबलावरच्या एका फोनपासून करता येईल. रिचर्ड मॅक्ग्रेगर हे पत्रकार बरीच वर्षं चीनमध्ये होते. 2010 मध्ये आलेल्या ‘द पार्टी’ या पुस्तकात त्यांनी या फोनचं वर्णन केलं आहे. चीनमधल्या पन्नासेक सर्वांत मोठ्या सरकारी कंपन्यांच्या प्रमुखांच्या टेबलावर, संगणक आणि कुटुंबाचे फोटो यांच्या शेजारी, एक लाल फोन असतो. त्याचा नंबर फक्त चार आकडी. त्यावरून त्याच जाळ्यातल्या लोकांशी बोलता येतं, आणि त्या जाळ्यात असतात पक्षाचे आणि सरकारचे वरिष्ठ नेते, मोजके संपादक, मोजके उद्योगप्रमुख. ही लाइन पैसे मोजून मिळत नाही. ज्या पदाला ती आहे, त्या पदावर पक्षाने बसवलं की मिळते. फोन वाजला तर उचलायचाच, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता हा फोन ज्याच्या टेबलावर आहे तो माणूस कोण, हे पाहू. आयसीबीसीसारख्या बँकेचा अध्यक्ष कागदोपत्री संचालक मंडळ निवडतं. प्रत्यक्षात त्याचं नाव पक्षाच्या केंद्रीय संघटन विभागाकडून येतं. मोठ्या बँकांचे अध्यक्ष आणि त्यांच्या खालोखालचे प्रमुख यांना उपमंत्र्याची श्रेणी असते. त्यामुळे बँकेचं प्रमुखपद ही त्यांच्या पक्षातल्या वाटचालीतली एक पायरी असते. तियान गुओली 2013 ते 2017 बँक ऑफ चायनाचे अध्यक्ष होते आणि तिथून थेट चायना कन्स्ट्रक्शन बँकेचे अध्यक्ष झाले. या दोन बँका बाजारात एकमेकींच्या स्पर्धक. गुओ शुचिंग 2005 पासून चायना कन्स्ट्रक्शन बँकेचे अध्यक्ष होते. 2011 मध्ये ते शेअर बाजाराच्या नियामकाचे प्रमुख झाले, पुढे शानडोंग प्रांताचे गव्हर्नर आणि 2017 मध्ये बँकांच्या नियामकाचे प्रमुख. यी हुईमान आयसीबीसीच्या अध्यक्षपदावरून 2019 मध्ये शेअर बाजार नियामकाच्या खुर्चीत गेले. ज्याच्यावर नियंत्रण ठेवायचं तो आणि नियंत्रण ठेवणारा, दोघांची बदली-बढती एकाच कचेरीतून होते. अशा माणसासमोर भागधारकांचं हित आणि पक्षाचा आदेश आमनेसामने आले तर तो कुठे झुकेल, हे उघड आहे.

या माणसाकडे एकाच वेळी दोन पदं असतात. तो बँकेचा अध्यक्ष असतो आणि बँकेतल्या पक्षसमितीचा सचिवही. बँकेचा कार्यकारी प्रमुख बहुधा उपसचिव असतो. उपप्रमुख हे समितीचे सदस्य, आणि त्यांच्यासोबत शिस्त तपासणीचा प्रमुख. ही मंडळी आधी पक्षसमिती म्हणून बसतात. मोठी गुंतवणूक, मोठ्या रकमेचा विनियोग, महत्त्वाच्या नेमणुका, धोरणातले बदल असे चार प्रकारचे विषय या समितीत आधी चर्चेला यावेच लागतात. तिथे मत ठरलं की तोच विषय संचालक मंडळापुढे जातो. त्या मंडळात यातलेच दोन-चार लोक कार्यकारी संचालक म्हणून बसलेले असतात. स्वतंत्र संचालक विषय पहिल्यांदा पाहतात ते तिथे, म्हणजे दुसऱ्या बैठकीत. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाचे माजी प्रमुख कॅलम मॅकार्थी आयसीबीसीच्या संचालक मंडळावर होते. असा जाणकार माणूस मंडळात प्रश्न विचारू शकतो, टिपण मागवू शकतो. पण ज्या बैठकीत मत बनतं त्या बैठकीला तो नसतो.

2017 पर्यंत हे सगळं बाहेरच्यांना अंदाजाने माहीत होतं. त्या वर्षी ते लेखी आलं. ऑक्टोबर 2016 मध्ये शी जिनपिंग यांनी सरकारी उद्योगांतल्या पक्षकार्यावर राष्ट्रीय परिषद घेतली आणि पक्षाचं नेतृत्व हे सरकारी उद्योगांचं मूळ आणि आत्मा आहे असं बजावलं. त्यानंतर पुढच्या वर्षभरात मोठ्या बँकांनी आपापल्या नियमावल्या भागधारकांच्या सभेत मांडून दुरुस्त करून घेतल्या. आयसीबीसीच्या नियमावलीत पक्षसमितीवर स्वतंत्र भाग आला. अध्यक्ष आणि पक्षसचिव ही एकच व्यक्ती असेल, पक्षबांधणीच्या कामासाठी एक उपसचिव असेल, अधिकाऱ्यांच्या निवडीत पक्षसमितीचं नेतृत्व राहील, कामगार संघटना आणि युवक संघटना यांचं मार्गदर्शनही तीच करील, अशा तरतुदी त्यात आल्या. महत्त्वाच्या विषयांवर निर्णय घेण्याआधी संचालक मंडळाने पक्षसमितीचं मत ऐकावं, हेही आलं. हाँगकाँगमध्ये शेअर घेतलेल्या निवृत्तिवेतन निधीला आता असं म्हणता येत नाही की आम्हाला ठाऊक नव्हतं. लपवाछपवीपेक्षा हे बरं, असं माझं मत आहे. पण नियमावलीत लिहिल्याने एक गोष्ट कायमची ठरून गेली. पक्षसमितीचं मत न ऐकता निर्णय घेणारं संचालक मंडळ आता बँकेच्याच घटनेच्या विरोधात जातं.

हे असं का उभारलं गेलं, याचा इतिहास मात्र साध्या हुकूमशाहीच्या गोष्टीपेक्षा गुंतागुंतीचा आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय या व्यवस्थेला न्याय मिळणार नाही.

1980 आणि 90 च्या दशकांत चिनी बँकांवर पक्षाचाच ताबा होता, पण तो खालच्या पक्षाचा. बँकेची एखाद्या शहरातली शाखा नावाला बीजिंगच्या मुख्यालयाची. तिच्या व्यवस्थापकाची नेमणूक, त्याचं घर, त्याच्या मुलांची शाळा, त्याची बढती हे सगळं स्थानिक पक्षसमितीच्या हातात असे. स्थानिक पक्षसचिवाला आपल्या गावात सिमेंटचा कारखाना हवा, हॉटेल हवं, औद्योगिक वसाहत हवी. तो व्यवस्थापकाला बोलावून सांगे आणि कर्ज मंजूर होई. परतफेडीची चिंता मुख्यालयाने करायची. महाराष्ट्रात ज्यांनी जिल्हा बँकांचं राजकारण जवळून पाहिलं आहे, त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

1992 नंतर गुंतवणुकीची लाट आली आणि या कर्जांना धरबंध राहिला नाही. जुलै 1993 मध्ये उपपंतप्रधान झू रोंगजी यांनी मध्यवर्ती बँकेचं प्रमुखपद स्वतःकडे घेतलं. देशभरच्या बँकप्रमुखांना बोलावून त्यांनी तीन गोष्टी बजावल्या. नियमबाह्य उसनवारी ताबडतोब थांबवून मुदतीत वसूल करा, ठेवी खेचण्यासाठी परस्पर व्याजदर वाढवू नका, बँकेच्या पैशातून स्वतःच्या कंपन्या चालवू नका. तरीही 1994 मध्ये महागाईचा दर 24 टक्क्यांच्या घरात गेला. झू यांच्या लक्षात आलं की आदेश कितीही कडक असला, तरी शाखा व्यवस्थापकाचं भवितव्य स्थानिक सचिवाच्या हातात आहे तोवर तो आदेश खाली पोचणार नाही.

1997 च्या आशियाई संकटाने वेळ आणून ठेवली. थायलंड, इंडोनेशिया, दक्षिण कोरियाच्या बँका कोसळत असताना चीनच्या चार मोठ्या बँका हिशेबाने दिवाळखोरच होत्या. त्या नोव्हेंबरात वित्तविषयक पहिली राष्ट्रीय परिषद भरली. पुढच्या वर्षी पक्षाने केंद्रीय वित्तीय कार्य आयोग स्थापला आणि त्याचं प्रमुखपद तेव्हाचे उपपंतप्रधान वेन जियाबाओ यांच्याकडे दिलं. या आयोगाने केलेलं मुख्य काम एकच होतं. बँकांतल्या पक्षसंघटनेची स्थानिक पक्षाशी असलेली नाळ तोडली आणि ती उभी, वरून खाली जोडली. प्रांतातल्या शाखाप्रमुखाची नेमणूक आता बँकेच्या मुख्यालयातली पक्षसमिती करू लागली, मुख्यालयातल्या वरिष्ठांची नेमणूक केंद्राकडून होऊ लागली. मध्यवर्ती बँकेच्या प्रांतवार शाखा मोडून नऊ प्रादेशिक शाखा केल्या, त्याही अशा आखल्या की एकेका शाखेखाली अनेक प्रांत यावेत आणि कुठल्याही एका प्रांतप्रमुखाचा तिच्यावर वरचष्मा राहू नये. ऑक्टोबर 1998 मध्ये ग्वांगडोंग प्रांताची बडी गुंतवणूक कंपनी बंद करण्यात आली आणि जानेवारी 1999 मध्ये ती रीतसर दिवाळखोरीत गेली. परदेशी बँकांना वाटलं होतं की प्रांत सरकार हमीला उभं राहील. ते राहिलं नाही.

म्हणजे आज जी रचना बँकेच्या स्वातंत्र्यावर घाला घालते असं दिसतं, तीच त्या काळी बँकांना स्थानिक पुढाऱ्यांच्या तावडीतून सोडवण्यासाठी वापरली गेली. कायदा, न्यायालय, स्वायत्त नियामक यांच्या जोरावर हे करायला पंचवीस वर्षं लागली असती. पक्षाने आपलंच हत्यार वापरलं आणि काम वर्षा-दोन वर्षांत उरकलं. त्यानंतरच सफाई शक्य झाली. 1999 मध्ये चार मालमत्ता व्यवस्थापन कंपन्या काढून त्यांच्याकडे 1.4 लाख कोटी युआनची बुडीत कर्जं वळवली. 2003 अखेर सेंट्रल हुइजिन ही सरकारी कंपनी स्थापून तिच्यामार्फत बँक ऑफ चायना आणि चायना कन्स्ट्रक्शन बँकेत प्रत्येकी 22.5 अब्ज डॉलरचं भांडवल घातलं, ते देशाच्या परकीय गंगाजळीतून. 2005 मध्ये आयसीबीसीला 15 अब्ज डॉलर मिळाले. मग शेअर बाजार. आयोग 2003 मध्ये बरखास्त झाला, पण त्याने घातलेली उभी वीण तशीच राहिली. 2009 च्या पहिल्या तिमाहीत जो निरोप खाली गेला, तो याच वाटेने गेला.

वाट कुठवर जाते? अगदी बँकेच्या गल्लीतल्या शाखेपर्यंत. पक्षाच्या घटनेनुसार जिथे तीन किंवा अधिक पूर्ण सदस्य आहेत तिथे पक्षशाखा स्थापावी लागते. सदस्य पन्नासच्या वर गेले की तिची रचना बदलते, शंभरच्या वर गेले की समिती होते. आयसीबीसीमध्ये चार लाखांहून अधिक लोक काम करतात. अशा बँकेत पक्षशाखांचं जाळं एखाद्या देशव्यापी संघटनेएवढं होतं.

एखाद्या मध्यम शहरातल्या शाखेतली कर्ज अधिकारी समजा. ती पक्षसदस्य आहे. अर्ज, चाचपणी, शपथ आणि वर्षभराची उमेदवारी यांतून गेल्यावर ती पूर्ण सदस्य झाली. महिन्याला हाती येणारा पगार 6000 युआन धरला, तर दीड टक्का म्हणजे 90 युआन पक्षाची वर्गणी. पगार 10 हजारांच्या वर गेला की दर दोन टक्के. महिन्यातून एकदा तिच्या पक्षगटाची बैठक, शाखा समितीचीही बैठक महिन्याला, तिमाहीला सगळ्या सदस्यांची सभा आणि एक पक्षवर्ग. महिन्यातला एक दिवस पक्षदिन. वर्षातून एकदा टीका आणि आत्मटीकेची सभा. तिथे आपले दोष आपणच सांगायचे, सहकाऱ्यांचेही सांगायचे आणि ते नोंदवलं जातं. 2019 च्या जानेवारीपासून मोबाइलवर एक अभ्यास ॲप आलं आहे. लेख वाचला, भाषण पाहिलं, प्रश्नमंजूषा सोडवली की गुण जमा होतात. बँकेचा व्यवस्थापक हाच बहुधा पक्षशाखेचा सचिव असतो. म्हणजे ठेवींचं उद्दिष्ट विचारणारा आणि पक्षवर्गाला का आली नाहीस विचारणारा माणूस एकच.

या बैठकांत होतं काय? नेत्यांच्या भाषणांचं वाचन, केंद्राकडून आलेल्या लाल शीर्षकाच्या परिपत्रकांची माहिती, चालू मोहिमेचा आढावा. बाहेरच्याला यात वेळेचा अपव्यय दिसेल. मला तो तसा दिसत नाही. कर्जाचं धोरण बदलायचं असतं तेव्हा त्याची भाषा आधी या बैठकांत येते. 2019 च्या सरकारी अहवालात मोठ्या सरकारी बँकांनी छोट्या आणि सूक्ष्म उद्योगांची कर्जं किमान 30 टक्क्यांनी वाढवावीत असं उद्दिष्ट होतं. 2020 मध्ये ते 40 टक्क्यांवर नेलं. असा आकडा वरून येतो तेव्हा खालच्या अधिकाऱ्याला तो धंद्याचं लक्ष्य म्हणूनही येतो आणि राजकीय काम म्हणूनही. धंद्याचं लक्ष्य चुकलं तर बोनस जाईल. राजकीय काम चुकलं तर नोंद पक्षाच्या फायलीत जाईल. छोट्या उद्योगांना खरोखर कर्जं मिळाली, हे मान्य करायला हवं. आपल्याकडचा लघुउद्योजक ज्या कर्जासाठी चपला झिजवतो, ते चीनमध्ये बँकेचा माणूस दारात येऊन देऊ लागला. मात्र दारात आलेल्या त्या माणसाला ‘या धंद्यात दम नाही’ असं म्हणून परत जाण्याची मुभा कितपत होती, हा प्रश्न राहतोच.

माझ्या मते या व्यवस्थेचं खरं दुखणं इथे आहे. वरून खाली निरोप जाण्याची वाट रुंद आहे. खालून वर वाईट बातमी जाण्याची वाट अरुंद आहे, कारण बातमी ज्याला द्यायची त्याच्याच हातात बातमी देणाऱ्याची बढती आहे. 2009 च्या कर्जांपैकी किती परत येतील हे शाखेतल्या माणसाला कळत होतं. देशाच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जून 2011 मध्ये आकडा जाहीर केला तेव्हा स्थानिक सरकारांवर 2010 अखेर 10.7 लाख कोटी युआनचं कर्ज असल्याचं देशाला समजलं. त्यातलं 79 टक्के कर्ज बँकांचं होतं. 1998 मध्ये ज्या स्थानिक पुढाऱ्यांपासून बँका सोडवल्या, त्याच पुढाऱ्यांच्या कंपन्यांना दहा वर्षांनी त्याच बँकांनी कर्जं दिली, फक्त या वेळी आदेश बीजिंगचा होता.

आणि या रचनेत सचिवावर लक्ष कोण ठेवतो? पक्षाचं उत्तर आहे शिस्त तपासणी आयोग. आयोगाची पथकं बँकांत बसवलेली असतात, वेळोवेळी केंद्राची तपासणी पथकं येतात. ही यंत्रणा कडक आहे यात शंका नाही. चायना कन्स्ट्रक्शन बँकेचे अध्यक्ष झांग एनझाओ यांनी शेअर विक्रीच्या काही महिने आधी, मार्च 2005 मध्ये, राजीनामा दिला आणि पुढे लाचखोरीबद्दल त्यांना 15 वर्षांची शिक्षा झाली. बँक ऑफ चायनाचे माजी अध्यक्ष लियू लियांगे यांना 2024 मध्ये, तहकुबीसह, मृत्युदंड सुनावला गेला.

पण लाई शाओमिन यांचं प्रकरण जास्त बोलकं आहे. 1999 मध्ये आयसीबीसीची बुडीत कर्जं उचलायला जी कंपनी काढली होती, त्या हुआरोंगचे ते अध्यक्ष आणि पक्षसचिवही. नेमणुका त्यांच्या, कर्जांचे निर्णय त्यांचे, पक्षसमितीही त्यांची. 1.7 अब्ज युआनहून अधिक लाच घेतल्याचं न्यायालयात सिद्ध झालं. बीजिंगमधल्या एका घरात 20 कोटी युआनहून अधिक रोकड साठवलेली सापडली. एप्रिल 2018 मध्ये चौकशी सुरू झाली आणि 29 जानेवारी 2021 रोजी त्यांना देहदंड दिला गेला. हुआरोंगने 2020 या एका वर्षाचा तोटा 100 अब्ज युआनच्या वर दाखवला. दोन पदं एका माणसात एकवटली की त्याला आतून अडवणारा कुणी उरत नाही. बाहेरून येणारं पथक येईपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. देहदंडाने लाचखोर जातो, कंपनीतला तोटा तिथेच राहतो आणि तो शेवटी सामान्य करदात्याच्या आणि ठेवीदाराच्या वाट्याला येतो. हा दोष मला भ्रष्टाचारापेक्षा गंभीर वाटतो.

आपल्याकडे 19 जुलै 1969 रोजी 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच. राजकारण या बँकांत आलं नाही असं कुणी म्हणणार नाही. जनार्दन पुजारींचे 1980 च्या दशकातले कर्जमेळावे लोकांच्या आठवणीत आहेत. कर्मचारी संघटनांचेही राजकीय ओढे आहेत. 1946 साली स्थापन झालेली अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना डाव्या चळवळीशी जोडलेली, तर नॅशनल ऑर्गनायझेशन ऑफ बँक वर्कर्स भारतीय मजदूर संघाशी. पण या संघटना व्यवस्थापनाच्या समोरच्या बाजूला बसतात, आणि त्या एकापेक्षा अधिक आहेत. बँकेच्या नियमात सत्ताधारी पक्षाला जागा नाही. सत्ता बदलली की कर्ज का दिलं याची चौकशी होऊ शकते, संसदेत प्रश्न विचारता येतो, वर्तमानपत्रात छापता येतं. आपल्या बँकांचीही भरपूर कर्जं बुडाली आहेत, तेव्हा ऐट मिरवण्याचं कारण नाही. फरक एवढाच की आपल्याकडे दबाव हा दबाव म्हणून ओळखता येतो. तिकडे तोच कारभार आहे.

मुंबईतही या रचनेचं एक टोक आहे. आयसीबीसीची शाखा तिथे 2011 मध्ये सुरू झाली. बँक ऑफ चायनाला रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये परवाना दिला. त्यांच्या भारतातल्या व्यवहारांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि तिचे नियम त्यांना पाळावेच लागतात. बीजिंगच्या मुख्यालयात वर्षाची दिशा कशी ठरते, हे मात्र कुठल्याही परदेशी नियामकाच्या कक्षेबाहेरचं आहे.

गेल्या काही वर्षांत ही वीण आणखी घट्ट झाली आहे. मार्च 2023 मध्ये पक्षाने केंद्रीय वित्तीय आयोग नव्याने स्थापला आणि वीस वर्षांपूर्वी बरखास्त केलेला वित्तीय कार्य आयोगही पुन्हा उभा केला. पहिल्याचे प्रमुख पंतप्रधान ली छियांग, दुसऱ्याचे उपपंतप्रधान हे लिफेंग. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत शिस्त आयोगाने एक लांबलचक लेख प्रसिद्ध करून बँकवाल्यांच्या ‘वित्तीय उच्चभ्रू’ वृत्तीवर कोरडे ओढले होते. व्याजदर कमी करा, अडलेल्या घरबांधणी प्रकल्पांना कर्ज द्या, स्थानिक सरकारांच्या जुन्या कर्जांची मुदत वाढवून द्या, असे आदेश एकामागून एक खाली जात राहिले. बँका कर्जावर मिळवतात आणि ठेवींवर देतात त्यातलं अंतर 2024 अखेर दीड टक्क्याच्या आसपास उतरलं. एवढ्यात बुडीत कर्जांची तरतूद करायची, भांडवल वाढवायचं आणि लाभांशही द्यायचा, हे गणित जुळणारं नव्हतं.

30 मार्च 2025 रोजी चार मोठ्या सरकारी बँकांनी नवे शेअर काढून भांडवल उभारणार असल्याचं जाहीर केलं. बँक ऑफ चायना, चायना कन्स्ट्रक्शन बँक, बँक ऑफ कम्युनिकेशन्स आणि पोस्टल सेव्हिंग्ज बँक या त्या चार. एकूण रक्कम 520 अब्ज युआन, त्यातले 500 अब्ज अर्थ मंत्रालय विशेष रोखे काढून देणार. प्रस्ताव संचालक मंडळापुढे आले, भागधारकांच्या सभेपुढे आले आणि मंजूर झाले. शेअरचा भाव कसा ठरला, भांडवल पर्याप्ततेचं प्रमाण किती वाढेल, जुन्या भागधारकांचा हिस्सा किती घटेल याचे तक्ते कागदपत्रांत सविस्तर दिलेले आहेत. त्याआधी जी बैठक नियमावलीप्रमाणे व्हायला हवी, तिच्यात कोण काय बोललं, कुणी शंका काढली का, हे त्या कागदांत नाही. पक्षसमितीचं इतिवृत्त भागधारकांना दिलं जात नाही.